पान कोण पाडतं? पहिली-दुसरीच्या वर्गाच्या शरदातल्या नोंदी

३ सप्टेंबर, बुधवार

शरद ऋतूचा, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या थंड भागात पानगळीचा, प्रकल्प या वर्षी एकाच झाडावर करायचं ठरवलं. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे, वयं सहा ते आठ. फायलीत शरदाचे तयार कागद ढिगाने पडले आहेत: पानाचा आराखडा, आत लाल-पिवळा-नारिंगी भरा, खाली ऋतूचं नाव गिरवा. मुलं ते झटपट रंगवतात, छान रंगवतात, आणि तेवढ्या वेळात खिडकीबाहेर एकदाही बघत नाहीत. बाहेरचं झाड तेव्हा हिरवंगार असतं ही त्यातली आणखी गंमत. ते कागद या वेळी कपाटातच राहतील.

त्यांच्या जागी तीन गोष्टी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालवायच्या. एक फांदी: तिच्यावर काय होतं ते बघत राहायचं. एक काठी: तिची दुपारची सावली मोजायची. आणि पानं गळायला लागली की जाळीच्या पिशवीत भरून मातीत पुरायची. बाकी जे सुचेल, सापडेल ते मध्ये मध्ये.

लागणारं सामान: भिंगं, रंगीत लोकर, मेणखडू, गाळणकागद, स्पिरिट (माझ्या ताब्यात), पन्नास सेंटीमीटरची सरळ काठी, कागदी पट्ट्यांचं रीळ. प्रत्येकाला निरीक्षण वही, कोऱ्या पानांची. रेघा असल्या की चित्र रेघांमध्ये बसवायला बघतात.

८ सप्टेंबर, सोमवार

मैदानाच्या कडेचं मेपल निवडलं. खालच्या फांद्या मुलांच्या हाताला येतात हे मुख्य कारण. प्रत्येक जोडीने एक पान निवडून त्याच्या मागे डहाळीला लोकर सैल बांधली. पानाच्या देठाला बांधायची नाही, हे सांगावं लागलं. पान गेल्यावर जागा सापडली पाहिजे ना.

वहीत पान काढा म्हटलं तर निम्म्या वर्गाने बदामाचा आकार काढला. समोर पाच टोकांचं पान आणि वहीत बदाम. काही बोलले नाही. फक्त विचारलं, "टोकं किती आहेत? मोजून बोटं वर करा." पुढचं चित्र आपोआप बदललं.

मग प्रश्न टाकला: हे पान पुढे कुठे जाणार? "पडणार," सगळ्यांना माहीत. कोण पाडणार? इथे मजा आली. उत्तरं जशीच्या तशी फलकावर लिहून ठेवली:

वारा पाडतो.
थंडी पाडते.
पान म्हातारं होऊन आपोआप पडतं.
पाऊस जड असतो म्हणून.
झाड पाडतं.

शेवटचं उत्तर दुसरीतल्या एका मुलीचं. बाकीचे हसले. "झाडाला हात असतात का?" तिने खांदे उडवले, पण माघार घेतली नाही. बरोबर कोण हे मी सांगितलेलं नाही आणि इतक्यात सांगणारही नाही.

जाता जाता एकाने एक पान ओढून पाहिलं. देठ सहज सुटेना. शेवटी सुटलं ते सालीचा बारीकसा पापुद्रा घेऊनच. मी तेवढंच वहीत लिहायला लावलं: "आज पान ओढलं तर साल निघाली." पुन्हा कुणी ओढायचं नाही, ऑक्टोबरात बघू.

१५ सप्टेंबर, सोमवार

पानांची वर्गवारी. येताना प्रत्येकाने तीन वेगवेगळी पानं आणायची होती. खाली पडलेली, नाहीतर मोठ्यांना विचारून तोडलेली. गटात ओतली आणि सांगितलं, वाटण्या करा, नियम तुमचा. पहिला नियम सगळीकडे "मोठी आणि लहान". मग भांडण: मधल्यांचं काय? एका गटाने मधल्यांसाठी तिसरा ढीग केला, मग त्या ढिगाच्या कडेवर पुन्हा भांडण. या भांडणासाठीच हा खेळ घ्यायचा. आकार बघून लहान-मोठं ठरवता येतं, पण रेघ कुठे ओढायची हे माणसाने ठरवायचं असतं, आणि ते सहा वर्षांच्या मुलाला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्यानंतर कड गुळगुळीत की दातेरी, शिरा एका मधल्या शिरेपासून फुटलेल्या की देठापाशी एकाच ठिकाणाहून पसरलेल्या, असे नियम येत गेले.

एका गटाने काही पानं बाजूला काढली आणि फलकावर लिहिलं, "ही खूप पानं आहेत का एकच?" संयुक्त पान. एका दांड्यावर दोन्ही बाजूंनी पर्णिका, म्हणजे लहान पानांसारखे दिसणारे त्याचे भाग. हे सांगून सोडून देता आलं असतं, पण ओळखायची खूण इतकी सोपी आहे की ती त्यांच्याच हातात दिली: जिथे पान संपून फांदी सुरू होते, त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो. भिंगं घेऊन सगळे डोळा शोधायला लागले. अख्खा दांडा एकच पान आहे, असा निकाल लागला.

त्यातून न ठरवलेली एक गोष्ट पदरात पडली. "हा डोळा म्हणजे काय?" पुढच्या वसंतातलं पान किंवा फांदी. "आत्ताच? पान पडायच्या आधीच?" हो, उन्हाळ्यातच तयार होतो. यावर जो गलका झाला तो आवरायला वेळ लागला. पान पडल्यावर झाड रिकामं होतं आणि वसंतात नव्याने सुरुवात करतं, असं बहुतेकांच्या डोक्यात होतं. मोठ्यांच्याही असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

विषुवदिन. काठी मैदानात रोवली; जमिनीवर बरोबर पन्नास सेंटीमीटर राहील अशी. दिवसातली सर्वांत आखूड सावली धरायची असल्यामुळे मध्यान्हाच्या आगेमागे दर दहा मिनिटांनी टोकाशी खडा ठेवत गेलो आणि काठीला सर्वांत जवळचा खडा घेतला. घड्याळात अमुक वाजता मोज, असं केलं तर पुढे फसगत होते. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ घड्याळाच्या बारा वाजण्याशी जुळतेच असं नाही, आणि काही देशांत शरदात घड्याळच एक तास मागे घेतात.

सावली आधी वितीने मोजली. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकाच्या चार विती, दुसऱ्याच्या तीन आणि वर बोटं. "सावली तीच, मग आकडा वेगळा का?" हा प्रश्न मी विचारायच्या आधीच वर्गात आला. माझी वीत लावली तर आणखी कमी. मग कागदी पट्टी सावलीएवढी कापली आणि फूटपट्टीने मोजली: ५० सेंटीमीटर. म्हणजे काठीएवढीच!

आमची शाळा ४५ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे विषुवदिनी असं होतं. विषुववृत्ताकडे जावं तशी या दिवशीची सावली आखूड, ध्रुवाकडे जावं तशी लांब. हे मुलांना सांगितलं नाही, नोंद माझ्यासाठी. त्यांच्यासाठी एवढंच: आज दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी, पट्टी भिंतीवर चिकटवली, खाली तारीख. दर दोन आठवड्यांनी पुढची पट्टी शेजारी लागेल. स्तंभालेख हा शब्द न काढता स्तंभालेख तयार होईल.

३० सप्टेंबर, मंगळवार

लोकर बांधलेल्या एका पानाच्या कडेला पिवळं दिसलं. ज्या जोडीचं ते पान, त्यांचा रुबाब दिवसभर.

पिवळा रंग कुठून आला? बहुमत: सूर्याने दिला. दुसरं मत: हिरवा जुना होऊन पिवळा झाला. त्यामुळे रंग वेगळे करण्याचा प्रयोग आजच घेतला. पूर्ण हिरवी पानं बारीक फाडून बरणीत घातली, बुडतील इतकं स्पिरिट मीच ओतलं, खिडकी उघडी ठेवली. बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. विस्तव जवळपास नको, स्पिरिट पेट घेतं. बरणीतलं स्पिरिट गडद हिरवं झाल्यावर गाळणकागदाची पट्टी पेन्सिलीला अडकवून टोक नुसतं टेकेल अशी सोडली आणि मधली सुट्टी घेतली. या प्रयोगात बघत बसलं की काहीच होत नाही, मुलं कंटाळतात. परत आल्यावर पट्टीवर हिरवा पट्टा, आणि त्याच्या पुढे चढलेली फिकट पिवळी कड.

"बाई, पण पान तर पूर्ण हिरवं होतं!"

हेच हवं होतं. पिवळा आधीपासून आत होता. पानातलं हरितद्रव्य उन्हात अन्न तयार करतं. ते सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नवं बनवत असतं. रात्री लांबल्या, गारवा आला की झाड बनवणं थांबवतं, त्यातलं नत्र वगैरे कामाचं ते फांदीत ओढून घेतं. झाकण काढावं तसा हिरवा निघून जातो आणि खालचे पिवळे-नारिंगी कॅरोटिनॉइड दिसायला लागतात. गाजराला रंग देणारी द्रव्यंही त्याच कुळातली.

लाल रंगाचं वेगळं आहे आणि ते मुद्दाम सांगितलं, कारण अनेक तयार पाठांत सगळे रंग "लपलेले" म्हणून एका ओळीत बसवलेले असतात. लाल अँथोसायनिन बहुतेक झाडांत शरदातच नव्याने तयार होतं, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवस उन्हाचे आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नव्हे, अशा हवेत लाल जास्त खुलतो. पहिलीच्या मुलांसाठी याचं रूप: "पिवळा आधीपासून घरात होता, लाल आता बनवला." एवढं पुरतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

सावली ६० सेंटीमीटर. पट्टी चिकटवली. "दहाने वाढली," एकाने लगेच सांगितलं.

बाकी सगळा दिवस बियांचा. बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवून उंच गवतातून चालवलं. मोज्यांना काय काय लागलं ते वर्गात पांढऱ्या कागदावर चिमट्याने उतरवलं. आकड्यांच्या बिया, केसाळ बिया, आणि एक जिवंत कोळी, ज्याने तास थोडा लांबवला. आकड्याची बी भिंगाखाली पाहिल्यावर एकाने आपल्या बुटाचा पट्टा उघडून भिंगाखाली धरला आणि ओरडला, "हे तेच आहे!" तेच आहे. जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा स्विस अभियंता १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आला, कुत्र्याच्या केसांत अडकलेली बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं. गोष्ट सांगितली, पण खरं तर गरज नव्हती. शोध वर्गात आधीच लागला होता.

मेपलच्या पंखवाल्या बिया जिन्यावरून सोडल्या. पंख तोडून सोडल्या तर दगडासारख्या पडतात. मग कागदी भिरभिरी: पट्टीला वरून चीर, दोन पाती विरुद्ध दिशांना दुमडलेली, खाली कागदाची पिन. इथे एकच अट घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाती लांब करा किंवा पिनांची संख्या वाढवा, दोन्ही नाही. सात वर्षांच्या मुलाला हे प्रचंड जड जातं. हात शिवशिवतात. पहिलीतल्या एका मुलाने पाती, पिना आणि कागदाचा रंग एकदम बदलले आणि म्हणाला, "लाल हळू पडतो." शेजारचीने विचारलं, "लाल म्हणून का लांब म्हणून?" मी गप्प राहिले. त्याने लाल कागदाचंच आखूड पात्यांचं केलं, सोडलं, बघितलं, आणि रंगाचा मुद्दा स्वतःच सोडून दिला.

ओकची फळं पाण्यात टाकली. बुडतात ती बहुतेक भरलेली. तरंगतात ती किडलेली किंवा सुकलेली. तरंगलेली वेगळ्या बरणीत झाकून ठेवली आहेत.

बिया मोजताना दशक-एकक आपोआप आलं. ढीग मोठा, मोजताना मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरतो. दहा-दहाच्या वाट्या करा, असं दुसरीतल्या मुलींनी पहिलीवाल्यांना शिकवलं. पुस्तकातल्या काड्यांच्या गठ्ठ्यांपेक्षा हे पक्कं बसलं असं माझं मत, कारण इथे गठ्ठे करायला कारण होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बरणीत सकाळी पांढऱ्या अळ्या. फळांना गोल भोकं, जणू टोकदार पेन्सिलीने पाडलेली. सोंड्या किड्याची मादी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आतलं खाऊन वाढते, फळ पडल्यावर भोक पाडून बाहेर येते आणि मातीत शिरते. किंकाळ्या, मग रांग लावून दर्शन. अळ्या ओकखाली सोडून आलो. आजचा गणिताचा तास गेला, हरकत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर पाऊस. बाहेर जाणं रद्द. दाबून सुकवलेल्या पानांवर कागद ठेवून मेणखडू आडवा घासला, शिरा उमटल्या. पानाची खरखरीत मागची बाजू वर हवी, नाहीतर काही उमटत नाही. फलकावरच्या "पाऊस जड असतो" या उत्तराचा कैवारी आज खुशीत होता. खिडकीतून दोन पानं पडताना त्याने दाखवली.

२० ऑक्टोबर, सोमवार

रात्री पहिलं दव गोठलं. सकाळी हवा पूर्ण निश्चल, शाळेच्या निशाणाचं कापड लटकलेलं. ऊन मेपलवर आलं आणि पानं एकामागून एक पडायला लागली. वर्ग बाहेरच घेतला. सगळे माना वर करून बसलेले. वाऱ्याच्या गटाचा पुढारी कासावीस. बोट ओलं करून वर धरलं, वारा कुठून येतो शोधत राहिला. नव्हताच.

मग सप्टेंबरपासून राखून ठेवलेलं काम: पान ओढून बघणे. पिवळ्या पानाला नुसतं बोट लावलं आणि ते हातात आलं. साल नाही, पापुद्रा नाही. वहीतली जुनी ओळ शोधायला लावली: "आज पान ओढलं तर साल निघाली." त्याच्याखाली आजची: "आज पान हातात आलं." बदललं काय? देठाचं बूड आणि फांदीवरची जागा, दोन्ही भिंगाखाली. देठाचं बूड गुळगुळीत, कापल्यासारखं. फांदीवर लहानसा वण, त्यात ठिपके, आणि वणाच्या वर तो ओळखीचा डोळा. ठिपके म्हणजे पानाला पाणी नेणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या नळ्यांची टोकं. मुलांनी वणाला तोंडं काढली, ठिपके डोळे झाले. काढू दिली; वणाचा आकार तरी नीट पाहिला.

"कापलं कोणी?" मी विचारलं. बराच वेळ कुणीच बोलेना. "झाड पाडतं" म्हणणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला नजरेने थांबवलं. एकटीने सांगून बाकीच्यांनी मान डोलावण्यात अर्थ नाही, पुरावा हवा.

सावली ७२.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पुरावा मोडक्या फांदीने दिला. उन्हाळ्यातल्या वादळात मेपलची एक बारीक फांदी मोडून सालीच्या धाग्यावर लटकली आहे. कंबरेएवढ्या उंचीवर, कुणाच्या वाटेत नाही, म्हणून अजून कुणी काढलेली नाही. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाने विचारलं, "त्या फांदीची पानं का नाही पडली? ती तर सगळ्यात आधी सुकली."

सगळे तिकडे धावले. फांदीवरची पानं तपकिरी, कुरकुरीत, हातात चुरा होणारी. ओढली तर पान फाटतं, देठ फांदीलाच राहतो. दोन पावलांवर जिवंत फांदीवरची पानं मऊ, पिवळी, आणि बोट लागताच सुटणारी.

वर्गात परत आल्यावर फलकासमोर बसलो. वारा दोन्ही फांद्यांना सारखाच. थंडी सारखीच. पाऊस सारखाच. म्हातारं होऊन पडायचं तर मोडक्या फांदीची पानं आधी पडायला हवी होती. एकेक ओळ मुलांनी स्वतः तपासली. शेवटी पहिलीतल्या एका मुलाने सांगितलं ते तसंच लिहून ठेवते: "मेलेली फांदी पान सोडू शकत नाही. सोडायला जिवंत असायला लागतं."

यानंतर मी सांगितलं, सांगायचं होतं तेवढं. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक पातळ थर तयार करतं. शरदात तिथली पकड सैल होते, फांदीच्या बाजूला बुचासारखी खपली धरते, आणि मग धक्का कशाचाही चालतो: वारा, पाऊस, गोठलेलं दव, पानाचं स्वतःचं वजन. मोडक्या फांदीला हे करायला वेळच मिळाला नाही. वाऱ्याच्या पुढाऱ्याने लगेच तडजोड मांडली, "म्हणजे झाड सुटं करतं आणि वारा घेऊन जातो." उत्तर मान्य, फलकावर नव्याने लिहिलं.

इतक्यात मागून हात वर. "मग ते लहान ओक? त्याची पण पानं तपकिरी झाली आहेत, आणि पडत नाहीत. ते मेलं का?"

मी याच्या वाटेवर मुद्दाम गेले नव्हते. तरुण ओक आणि बीचची झाडं वाळलेली पानं हिवाळाभर धरून ठेवतात. तो थर त्यांच्यात वसंतापर्यंत पुरा होत नाही. का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण मेलं की जिवंत, एवढं मुलांना तपासता येईल. उद्या जाऊ.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ओकच्या डहाळीवर डोळे टपोरे, दाबले तर घट्ट. मी नखाने साल किंचित खरवडली, खाली ओलं हिरवं. मोडक्या मेपलचे डोळे सुरकुतलेले, खरवडल्यावर तपकिरी. "ओक जिवंत आहे. त्याला सोडायचं नाहीये." हे वाक्य शास्त्रज्ञांना चालणार नाही, झाडाला इच्छा चिकटवली म्हणून. मला आज चाललं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सावली ८७. भिंतीवरच्या पट्ट्या आता उतरत्या छपरासारख्या दिसतात. पुढची किती येईल? अंदाज पेन्सिलीने लिहून घेतले. बहुतेकांनी "अजून दहा" लिहिलं, पहिल्या वाढीवरून. दुसरीतल्या दोघांनी वाढ मोजली: दहा, बारा, पंधरा. "वाढ पण वाढतेय." त्यांचा अंदाज १०५.

पिशवी पुरली. मोजून घेतलेली मेपलची पानं, जाळीतून किडे आत जातील इतकी भोकं. दुसरी पिशवी बारीक कापडाची, तेवढ्याच पानांची, किड्यांना बंद. वसंतात दोन्ही उघडायच्या. खणताना पाचोळ्याखाली राखाडी, खवल्यांचे, स्पर्श झाला की गोळी होणारे जीव भरपूर निघाले. पाय मोजा म्हटलं. चौदा. म्हणजे कीटक नाहीत, कीटकांना सहा. ते कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले, कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, म्हणून ओल सोडून राहत नाहीत. अर्धा ओला, अर्धा कोरडा कागद घातलेल्या ताटात सोडले. थोड्या वेळात बहुतेक ओल्या बाजूला.

फाटकाजवळच्या दिव्याखाली एक फांदी अजून हिरवी आहे, हे आज जेवणाच्या रांगेत कळलं, म्हणजे मुलांनीच मला सांगितलं. दिव्याच्या अगदी जवळची पानं उशिरापर्यंत टिकतात. लांबलेली रात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. "म्हणजे झाड अंधार मोजतं?" असा शब्द त्यांनीच वापरला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मूल्यमापन. लेखी प्रश्नपत्रिका नाही. प्रत्येकाने बालवाडीतल्या एका मुलाला आपली लोकर बांधलेली जागा दाखवून काय झालं ते सांगायचं. मी वही घेऊन बाजूला उभी. तिकडे एक गोष्ट दिसली: वर्गात तोंड न उघडणारी मुलगी डोळा, वण आणि मोडकी फांदी, तिन्ही सविस्तर सांगत होती, आणि चुकीचा प्रश्न आला तर दुरुस्तही करत होती. उलट फलकापाशी सगळ्यात मोठ्याने बोलणारा मुलगा "रंग बदलतो, मग पडतं" यावर थांबला. दोघांच्याही प्रगतिपुस्तकातली नोंद आज बदलली.

लिखाण अजून कच्चं आहे. दुसरीला "कारण" हा शब्द वापरून वाक्य लिहायला सांगितलं होतं. निम्म्यांनी लिहिलं, "पान पडलं कारण ते खाली आहे." हे व्याकरणाने बरोबर आहे आणि एका अर्थी पुरावाही आहे. पुढच्या आठवड्यात "कसं कळलं" आणि "का झालं" वेगळं करायला हवं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सावली १०३. "अजून दहा"वाले गप्प, १०५वाले दोघे उड्या मारत. सावली अशीच वाढत राहिली तर मैदानाबाहेर जाईल, अशी एक भीती पसरली होती. २१ डिसेंबरच्या सुमारास ती सर्वांत लांब होईल आणि मग मागे फिरेल एवढं सांगितलं. माझ्या हिशेबाने १२६च्या आसपास. तेव्हा सुट्टी असेल, म्हणून सुट्टीच्या आधी आणि नंतर अशा दोन पट्ट्या घ्यायच्या. काठी उपटू नये असा कागद मैदान बघणाऱ्या काकांना दिला. एका मुलाचे मामा दक्षिण गोलार्धात राहतात. त्यांच्याकडे तिथली सावली याच तारखांना मागवली आहे. तिथे ती आखडत असणार, पण हे वर्गाला पट्ट्या आल्यावरच कळू दे.

मेपल पूर्ण रिकामं. लोकरीपाशी सगळ्यांना वण आणि डोळा सापडला, एका जोडीला लोकरच सापडली नाही, बहुधा पक्ष्यांनी नेली.

फलकावर आज नवा प्रश्न आला: पाइनची पानं पडतात की नाही? मतदान घेतलं, "कधीच नाही"ला प्रचंड बहुमत. उद्या मत देणाऱ्या सगळ्यांना घेऊन पाइनखाली जायचं, खाली बघायला. भिंगं पुसून ठेवली.